कम्युनिटी कॉलेजची क्रिमिनल जस्टिस पदवी: फी वसूल होते, पण कोणाची?

अमेरिकेत पोलीस व्हायला बहुतेक ठिकाणी कॉलेजची पदवी लागतच नाही. हायस्कूल डिप्लोमा किंवा जीईडी (त्याच्या तोडीची परीक्षा) पुरतो. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याची किमान शैक्षणिक अटही तेवढीच आहे. कम्युनिटी कॉलेजातल्या क्रिमिनल जस्टिसच्या (पोलीस, कोर्ट, तुरुंग यांच्या अभ्यासाच्या) दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीचा हिशेब इथून सुरू करावा, कॉलेजच्या माहितीपत्रकावरून नव्हे.

खर्चाचं आधी उरकून घेऊ. पदवी साधारण ६० क्रेडिटची. आपल्याच भागातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजची सरासरी फी २०२४-२५ मध्ये वर्षाला ४,०५० डॉलरच्या आसपास होती. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात, म्हणजे अख्खी पदवी २,७६० डॉलरात. पुस्तकं आणि किरकोळ शुल्क वेगळं. २०२४-२५ ची पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारी, परत न करायची मदत) जास्तीत जास्त ७,३९५ डॉलरची होती. ती पूर्ण मिळाली तर फी भागून पैसे उरतात. राज्याबाहेरच्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला मात्र हे आकडे लागू नाहीत, त्याची फी कितीतरी पट असते. आणि ग्रँट म्हणजे फुकट म्हणून विषय घ्यायचे नि अर्ध्यात सोडायचे, असं चालत नाही. सोडलेला विषयही ‘घेतलेल्यां’त मोजला जातो. घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण हवीत आणि जीपीए २.० च्या खाली जाता कामा नये, नाहीतर मदत थांबते.

फी स्वस्त आहे, वाद नाही. गफलत होते ती पदवीचा प्रकार निवडताना. एकाच कॉलेजात एकाच विषयाच्या दोन पदव्या असू शकतात. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही नोकरीसाठी बेतलेली. तिच्यातले पेट्रोलिंग, तुरुंग व्यवस्थापन असे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात नेले की बऱ्याचदा नुसते ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक विषय) म्हणून जमा होतात. मुख्य विषयाची क्रेडिट पुन्हा घ्यावी लागतात, तीही विद्यापीठाच्या दराने. दुसरी ट्रान्सफरची. कॅलिफोर्नियात ‘ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’ची (तिथे या विषयाचं नाव हे) असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर घेतली, तर कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसमध्ये प्रवेशाची हमी असते. मनासारख्याच कॅम्पसची नव्हे, हे लक्षात ठेवा. इतर राज्यांत कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यातला आर्टिक्युलेशन ॲग्रीमेंट, म्हणजे कुठली क्रेडिट धरली जातील याचा करार, लेखी मागा. काउन्सेलरच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका.

आता पदरात काय पडतं? २०२४ ची सरकारी आकडेवारी सांगते की पोलीस आणि डिटेक्टिव्ह यांचा मध्यक पगार वर्षाला सुमारे ७७ हजार डॉलर, तुरुंग अधिकारी व बेलिफ (कोर्टातले सुरक्षा अधिकारी) यांचा सुमारे ५८ हजार. जाहिरातींत हे आकडे पदवीच्या नावावर खपवले जातात. प्रत्यक्षात जिथे पदवीची अट नाही, तिथे बिनपदवीचा रिक्रूट त्याच बॅचमध्ये त्याच मूळ पगारावर लागतो. फरक पडतो तो खात्याच्या करारात शिक्षणभत्ता असेल तरच. समजा, ७० हजारांच्या मूळ पगारावर असोसिएटसाठी २.५ टक्के मिळतात: वर्षाला १,७५० डॉलर. कॅलिफोर्नियाची फी दीड-पावणेदोन वर्षांत निघाली. पण भत्त्यावरही डोळे झाकून भरवसा नको. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७० च्या क्विन कायद्याने असोसिएटला १० टक्के, बॅचलरला २० टक्के वाढ मिळत असे. २००९ नंतर राज्याने आपला वाटा काढून घेतला आणि नव्या भरतीला ती योजना बंद झाली. म्हणून खात्याचा चालू युनियन करार वाचावा. तो बहुधा शहराच्या वेबसाइटवरच असतो.

अटीही बदलतात. न्यूयॉर्क शहराचं खातं ६० क्रेडिट मागत असे. २०२५ मध्ये ती २४ वर आणली. उलट मिनेसोटात पोलीस परवान्याचा नेहमीचा मार्ग दोन वर्षांच्या पदवीवरूनच जातो, तिथे ही पदवी घेणं सरळ व्यवहाराचं आहे. एफबीआयचा स्पेशल एजंट किंवा बहुतेक ठिकाणचा प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा) व्हायचं तर बॅचलर लागते. असोसिएट तिथे फक्त अर्धा रस्ता.

या पदवीचा सगळ्यात चांगला उपयोग फारसा कोणी सांगत नाही. हायस्कूल सुटतं अठराव्या वर्षी आणि पुष्कळ खाती २१ पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत. कॅलिफोर्नियात तर तसा कायदाच आहे. मधली ती वर्षं या पदवीने स्वस्तात भरून निघतात. पण ज्याने एकविशी ओलांडली आहे आणि ज्याच्या जवळच्या खात्याला पदवी नको आहे, त्याने आधी अर्ज करावा. खात्याने भरती करून पाठवलं तर पोलीस प्रशिक्षणाच्या अकॅडमीत पगार चालू असतो. बरीच कम्युनिटी कॉलेजं त्या प्रशिक्षणाला नंतर क्रेडिट देतात, आणि मालकाने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणखर्च उचलला तर त्यावर केंद्राचा आयकर लागत नाही. तीच पदवी, फक्त क्रम उलटा.

पार्श्वभूमी तपासणीत अडकणाऱ्याला पदवी सोडवत नाही. अमली पदार्थांचा अलीकडचा वापर, वेगाची चलनं, थकलेली कर्जं, अर्जात लपवलेली माहिती, यांवर ए ग्रेडचा काही इलाज नाही. ग्रीनकार्डवाल्या घरांनी नागरिकत्वाची अट पहिल्यांदा पाहावी. अनेक खाती ती लावतात; कॅलिफोर्नियाने २०२३ पासून काढली. एफबीआयला नागरिकत्व हवंच.

खासगी, नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांच्या वाट्याला तर जाऊच नका. इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलनी २०१२ मध्ये वेस्टवुड कॉलेजवर याच अभ्यासक्रमावरून खटला भरला होता. पोलीस होता येईल असं सांगून विद्यार्थी घेतले, पण रीजनल ॲक्रेडिटेशन (विभागीय मान्यता) नसल्याने अनेक खाती ती पदवी धरतच नव्हती. २०२२ मध्ये केंद्राने वेस्टवुडच्या माजी विद्यार्थ्यांची कर्जं माफ केली, तोवर वर्षं निघून गेली होती.

अभ्यासक्रमात रिपोर्ट रायटिंग आणि क्रिमिनल प्रोसिजर हे दोन विषय मात्र मन लावून करावेत. अटक का केली, झडती कुठल्या आधारावर घेतली, हे अहवालात नीट उतरलं नाही तर बचाव पक्षाचा वकील कोर्टात नेमकं तिथेच बोट ठेवतो. इलेक्टिव्हमध्ये स्पॅनिश घ्या. कित्येक खाती दुसऱ्या भाषेचा वेगळा भत्ता देतात, आणि त्यासाठी पदवी नव्हे, खात्याची बोलण्याची चाचणी पास व्हावी लागते.