बुडापेस्टच्या गेटवर कळलं, आपलं तिकीट आधीच कुणीतरी वापरलंय

२७ ऑगस्ट २०२३, बुडापेस्टमधल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेचा शेवटचा दिवस. रात्री नीरज चोप्राची भालाफेकीची फायनल. दादा व्हिएन्नात नोकरीला आहे आणि मी सुट्टीत त्याच्याकडे गेले होते, तेव्हा सकाळच्या ट्रेनने आम्ही दोघं निघालो. बॅगेत तिरंगा, फोनमध्ये दोन तिकिटं. संध्याकाळी राकोत्सी पुलाकडून गर्दीबरोबर चालत स्टेडियमच्या गेटवर पोचलो. तिथल्या मुलीने दादाच्या फोनवर स्कॅनर धरला, तो लाल झाला. तिने पुन्हा धरला, पुन्हा लाल. मग माझं तिकीट, तेही लाल. तिने मशीनची स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि हळू आवाजात सांगितलं, हे दोन्ही कोड आधीच वापरले गेलेत, माणसं आत जाऊन बसली आहेत.

हे सगळं आता सविस्तर लिहितेय, कारण ११ ते १३ सप्टेंबर २०२६ ला याच मैदानावर अ‍ॅथलेटिक्सची अल्टिमेट चॅम्पियनशिप ठरली आहे आणि २०२७ ची जागतिक स्पर्धा बीजिंगला आहे. आपली माणसं जाणार, आणि ऐनवेळी तिकिटं शोधणार.

आमचंही ऐनवेळीच ठरलं. २५ तारखेला पात्रता फेरीत नीरजने पहिल्याच फेकीत ८८.७७ मीटर टाकले. किशोर जेना आणि डी. पी. मनू हेही फायनलला पोचले. बारा जणांच्या फायनलमध्ये तिघं आपले! दादाने त्याच रात्री चाहत्यांच्या एका ग्रुपवर टाकलं, दोन तिकिटं हवी आहेत. दहा मिनिटांत एकाचा खासगी मेसेज आला. तो म्हणे म्युनिकला असतो, बायको आजारी पडली म्हणून जाता येत नाही, दोन जागा आहेत, भाल्याच्या रनवेच्या अगदी समोर.

या माणसाने पैशांचा विषय दिवसभर काढलाच नाही. तो खेळावरच बोलत होता. मनूचा रनअप, जेनाला व्हिसासाठी करावी लागलेली धावपळ, सगळं त्याला माहीत. २६ ला रात्री आपल्या रिले संघाने २:५९.०५ अशी वेळ देऊन आशियाई विक्रम केला, तेव्हा दादाच्या आधी त्याचाच मेसेज आला, नुसती उद्गारचिन्हं. इतक्या जिवाभावाने बोलणारा माणूस फसवेल असं मनात येत नाही. भाव विचारल्यावर म्हणाला, “मी ज्या किमतीला घेतली त्याच किमतीला देतो, नव्वद युरोला एक. नीरजच्या नावावर काळाबाजार करणार नाही.” या वाक्यावर दादा विरघळला. खरं सांगते, मीही.

तरी मी एकदा विचारलं होतं, तिकीट अ‍ॅपमधून आमच्या नावावर का नाही पाठवत? उत्तर आलं, शेवटच्या दिवसाची ट्रान्सफर बंद केली आहे, पण क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट चालतो. तिथेच थांबायला हवं होतं. स्क्रीनशॉट म्हणजे तिकिटाचा फोटो. तो दोघांना पाठवा नाहीतर वीसजणांना, गेटवर जो आधी पोचेल त्याचाच चालतो. विश्वास बसावा म्हणून त्याने पासपोर्टचा फोटोही पाठवला, नंबरावर अंगठा ठेवून. तो पासपोर्ट त्याचा होता की आधी फसवलेल्या कुणाचा, देव जाणे.

दुसरी खूण तर डोळ्यांसमोर होती. पैसे पाठवायचं खातं “बायकोचं” होतं आणि नाव भलतंच. युरोपातल्या खाते क्रमांकाची, म्हणजे आयबॅनची, पहिली दोन अक्षरं देश सांगतात. जर्मनीची असतात डीई. म्युनिकच्या या माणसाने दिलेल्या नंबराची तिसऱ्याच देशाची होती. दादा रोज असे नंबर बघतो. पण तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, ट्रेन सकाळची होती, आणि “अजून दोघं विचारतायत” असा त्याचा मेसेज येऊन पडला होता. एकशे ऐंशी युरो गेले.

गेटपासून बाजूला झालो तर कट्ट्यावर दोन मुलं बसलेली. लाहोरची, बुडापेस्टला शिकणारी, पाकिस्तानच्या भालाफेकपटू अर्शद नदीमसाठी आलेली. त्यांच्या हातात तिकिटांची प्रिंट होती, चार घड्या घातलेली. ती आमच्या फोनशेजारी धरली तर तोच स्टँड, तीच रांग, त्याच दोन खुर्च्या. मग त्यांचे मेसेज बघितले. आजारी बायको, रनवेसमोरच्या जागा, काळाबाजार न करण्याची भाषा, सगळं शब्दाला शब्द तेच. फक्त जिथे आम्हाला “नीरज” लिहिलं होतं तिथे त्यांना “अर्शद”. मला पैशांपेक्षा हे जास्त लागलं. आमच्या प्रेमाची त्याने रिकामी जागा ठेवली होती, नाव भरायला.

फायनल आम्ही चौघांनी नदीकाठी बसून एकाच फोनवर पाहिली. नीरजची पहिली फेक फाऊल गेली. नंतर एकदम स्टेडियममधून प्रचंड आवाज उठला, आणि फोनवर नीरज अजून रनअपला उभा होता. प्रक्षेपण तेवढं मागे होतं. ८८.१७ मीटर. भारताचं जागतिक अ‍ॅथलेटिक्समधलं पहिलं सुवर्ण, आणि आम्ही भिंतीच्या बाहेर. अर्शदला ८७.८२ वर रौप्य मिळालं तेव्हा त्या पोरांनी दादाला मिठी मारली. जेना पाचवा, मनू सहावा आला. पारुल चौधरीने स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ९:१५.३१ चा राष्ट्रीय विक्रम केला, तोही अशाच हातभर स्क्रीनवर पाहिला.

व्हिएन्नाला परतल्यावर दादाने पोलिसांत तक्रार दिली, मुलांनी बुडापेस्टला. दोन्ही तक्रारींत खाते क्रमांक एकच होता. बँकेने कळवलं की पैसे तुम्ही स्वतः मंजुरी देऊन पाठवलेत, परत मागता येत नाहीत. कार्डाने दिले असते तर निदान वाद घालता आला असता.

सप्टेंबरच्या मध्यावर त्यातल्या एका मुलाने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. हांगझोऊच्या आशियाई खेळांसाठी कुणीतरी भालाफेकीची तिकिटं विकायला काढली होती, नाव नवं, फोटो नवा. सुरुवात तशीच होती: बायको आजारी आहे, दोन जागा आहेत, रनवेच्या अगदी समोर.