हँडब्रेक: जुन्या कॅसेटसाठी चांगलं, पण फील्ड ऑर्डर आपणच तपासायची

टेंभी नाक्याच्या दहीहंडीची जुनी मिनी-डीव्ही कॅसेट घरात असेल तर डीइंटरलेसिंगचं (एका फ्रेममध्ये गुंफलेली दोन क्षणांची अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, सुटी करण्याचं) सॉफ्टवेअर तपासायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. थरांवर चढणारी माणसं, वरून ओतलेलं पाणी, कॅमेऱ्याची झटपट वळणं: फील्डचा क्रम चुकला तर लगेच दिसतं. व्हिडिओ रूपांतर करणारं, फुकट मिळणारं हँडब्रेक या कामात खरोखर उजवं आहे. अडचण त्याच्या प्रीसेटची, म्हणजे तयार सेटिंगच्या संचांची आहे.

आपल्याकडच्या टीव्ही-व्हिडिओच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, पण ५० फील्ड असतात. प्रत्येक फ्रेममधल्या सम आणि विषम रेषा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेल्या असतात. आधी कोणत्या रेषा आल्या, एवढंच फील्ड ऑर्डर सांगते. मिनी-डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, तर एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी या एचडी कॅमेऱ्यांच्या १०८०आय (इंटरलेस्ड) फाइलींत वरचं. व्हीएचएस संगणकात कॅप्चर केलेली असेल तर कॅप्चर कार्डावर अवलंबून, म्हणून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये 'स्कॅन ऑर्डर' दिसते, पण ते फाइलवरचं लेबल आहे आणि लेबल चुकलेलं असू शकतं. खरी परीक्षा अशी: हालचाल असलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा खालच्या सेटिंगने ५० फ्रेमने बनवा, व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. हात पुढे-मागे-पुढे असा उडत असेल तर क्रम उलटा आहे. स्थिर चित्रात ही चूक दिसतच नाही, त्यामुळे लग्नात रांगेत उभ्या पाहुण्यांवर चाचणी करण्यात अर्थ नाही.

हँडब्रेकमध्ये फिल्टर्समध्ये जाऊन डीइंटरलेसला यॅडिफ ही पद्धत, प्रीसेटला बॉब (प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम) निवडा. पूर्ण कॅसेट इंटरलेस्ड असेल तर इंटरलेस डिटेक्शन बंद ठेवा. व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ५० आणि कॉन्स्टंट. इथेच बहुतेकांचं नुकसान होतं: ५७६पी२५ नावाचे प्रीसेट फ्रेमरेट २५ वर आणतात, मग बॉबने मिळवलेल्या निम्म्या फ्रेम गळून पडतात आणि हालचालीचा गुळगुळीतपणा जातो. लेबल चुकीचं असेल तर प्रीसेट 'कस्टम' करून मोड ७ लिहा आणि पॅरिटी, म्हणजे फील्ड ऑर्डरचा आकडा द्या: वरचं आधी असेल तर ०, खालचं आधी असेल तर १. एसडी चित्राला आरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १८ ते २० पुरे.

उलट चूकही तितकीच वाईट. फोनचा व्हिडिओ प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकाच क्षणाची) असतो, तिथे हा फिल्टर पूर्ण बंद हवा. काही कॅमेरे २५पी (प्रोग्रेसिव्ह) चित्रीकरण १०८०आय म्हणून साठवतात. हलत्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसत नसतील, तर लेबल काहीही सांगो, डीइंटरलेस करू नका, नाहीतर उभ्या दिशेचा बारीक तपशील विनाकारण जाईल.

हँडब्रेकही वाचवू शकत नाही असं एक प्रकरण आहे. कुणी आधीच डीइंटरलेस न करता ५७६ रेषांचा व्हिडिओ ७२० रेषांवर ताणला असेल, तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळलेले असतात, ते परत वेगळे होत नाहीत. त्यामुळे नौपाड्यात किंवा वाशीत कॅसेट रूपांतर करून घेताना एमपी४ आधी नको, मूळ डीव्ही फाइल मागा. तासाला साधारण १३ जीबी लागतात, पेनड्राइव्ह तेवढा मोठा घेऊन जा. व्हीएचएस असेल तर ७२० बाय ५७६ मध्येच, इंटरलेस्ड कॅप्चर मागा.

लग्नाच्या मिक्सिंग केलेल्या कॅसेटमध्ये मध्येच क्रम बदललेला आढळतो, कधी फक्त नावांच्या पाट्याच थरथरतात. अशी कॅसेट तुकड्यांत कापून प्रत्येक तुकड्याला वेगळी पॅरिटी द्यावी लागते. पाट्या मात्र तशाच राहतात.