तांब्याची उघडी पाइपलाइन : आईच्या न्हाणीघरातला सात महिन्यांचा अनुभव

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हाच न्हाणीघराचा उंबरा काढायचं ठरलं. मुलुंडला जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. काही वर्षांपूर्वी भिंतीतल्या पाइपाचा जोड गळला आणि खालच्या काकूंच्या छताचे पापुद्रे सुटले. गळती सापडेपर्यंत आमच्या टाइल्स चार ठिकाणी फोडल्या. काकूंना किती त्रास झाला ते मी पाहिलंय, म्हणून यावेळी पाइप भिंतीबाहेरच ठेवायचे हे पक्कं होतं. शिवाय शॉवरची भिंत साडेचार इंची, पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. दोन पाइपांसाठी झिरी पाडल्यावर त्या भिंतीत उरणार काय?

ज्या प्लंबरदादांनी काम केलं त्यांच्याबद्दल मला मुख्यतः लिहायचंय. पहिल्या दिवशी ते पाना न घेता आले. खडू, ओळंबा आणि टेप. आईला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आजी, नळ उघडायला हात लावाल तसा लावा बरं." हात जिथे पोचला तिथे भिंतीवर फुली. मग मला म्हणाले, "ताई, ही फुली पुसू नका. सामान हिच्यावरून आणायचं."

मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ, त्यांनी शॉवरच्या बरोबर खाली ठेवला नाही, आत शिरण्याच्या बाजूला घेतला. गीझरचं गरम पाणी येईपर्यंत पाइपातलं गार पाणी आधी बाहेर पडतं. आता ते आईच्या अंगावर पडत नाही. बाहेर उभं राहून नळ सोडायचा, हाताने पाणी बघायचं, मग आत जायचं. उंबरा नसलेल्या शॉवरमध्ये ही एक गोष्ट आधी ठरवा, बाकीचं नंतर.

पाइप १५ मिमी तांब्याचे. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक, स्वस्त पडलं असतं, पण उष्णतेने ते तांब्याच्या जवळजवळ चौपट लांबतं. आमची अडीच मीटरची गरम लाइन ३५ अंशांनी तापली तर सीपीव्हीसी साडेपाच मिमीच्या आसपास वाढेल, तांबं दीड मिमी. भिंतीआड ते दिसत नाही. उघड्यावर क्लॅम्पांच्या मध्ये पाइपाला बाक येतो आणि तो रोज डोळ्यांसमोर असतो. इमारतीची जुनी लाइन जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची आहे. तांबं तिला थेट जोडलं नाही, मध्ये पितळी जोड घातला. पाणी जीआयकडून तांब्याकडे जातंय ना, हेही दादांनी आधी तपासलं. उलट असतं तर तांब्याचा अंश पाण्यातून जाऊन पुढचा जीआय पाइप आतून खाल्ला असता.

दोन उभे पाइप बरोबर १५० मिमी अंतरावर उतरवले, कारण भिंतीवरच्या मिक्सरला पाइप जोडायच्या दोन तोंडांमधलं अंतर तेवढंच असतं. गरम डावीकडे, गार उजवीकडे. आईचं स्टूल उजव्या बाजूला, त्यामुळे तिचा हात चुकून गेलाच तर गार पाइपावर जातो. भिंत आणि पाइप यांत फडकं फिरेल एवढी, इंचभर फट. दर चार फुटांच्या आत क्लॅम्प, आणि प्रत्येक भोकात स्क्रूआधी सिलिकॉन. आधारासाठीचा स्टीलचा दांडा मात्र समोरच्या नऊ इंची भिंतीवर. पाइपाला धरून उठायचं नाही, हे आईला दोनदा सांगितलं आणि तिने ऐकलं. फरशीला चार फुटांत १५ मिमी ढाळ दिलाय, पाणी वाहून जायची जाळी (नहाणी ट्रॅप) पलीकडच्या कोपऱ्यात. पाणी दाराकडे येत नाही.

दुकानात मला आठ इंची गोल शॉवर फार आवडला होता. दादांनी गच्चीतली टाकी शॉवरच्या किती वर आहे ते मोजलं. जेमतेम पाच मीटर, म्हणजे अर्धा बार दाब. एवढ्या दाबावर मोठ्या शॉवरमधून पाणी नुसतं ठिबकलं असतं. चार इंची हँड शॉवर घेतला, त्याची धार छान आहे.

हातपंपाने दाब देऊन लाइन रात्रभर ठेवली. सकाळी दाब दाखवणारा काटा जागेवर होता, म्हणजे गळती नव्हती. तेव्हा कुठे मी काकूंना निरोप पाठवला.

आता तक्रारी. एक फ्लँज (पाइपाच्या तोंडाशी भिंतीवर बसणारी चकती) कमी आणल्यामुळे काम चार दिवस रखडलं आणि आई तेवढे दिवस मावशीकडे राहिली. दोन जोडांवर डाग देताना (सोल्डर करताना) आलेले काळे ओघळ राहिलेत, ते त्यांनी पुसायला हवे होते. मिक्सरची गोल मूठ साबणाच्या हाताला निसटायची, ती बदलून लांब दांडीची घ्यावी लागली. तो खर्च माझा. आणि तांबं काळवंडतं. महिन्यातून एकदा चिंच-मीठ लावून घासावं लागतं.

आईला ते काम वाटत नाही. तिच्या माहेरी तांब्याचा बंब होता आणि दर शनिवारी तो लख्ख करायचं काम तिच्याकडे होतं. परवा स्टुलावर बसून हात पोचेल तेवढा गार पाइप तिने घासला, वरचा माझ्यासाठी ठेवला.

गरम पाइपाचा खालचा दीड फूट अजून उघडा आहे. घरात नातू रांगायला लागलाय, म्हणून त्यावर रबरी आवरण घालायला दादांना पुढच्या रविवारी बोलावलंय.