टर्कीची पिल्ले: पक्षी उत्तम, सल्ला अपुरा

अमळनेर तालुक्यातील आमच्या मळ्यात गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस मी पहिल्यांदा टर्की आणल्या. देशी कोंबड्या, बदके आणि टर्की यांची पिल्ले विकणारे एक खासगी केंद्र जळगाव जिल्ह्यातच आहे. लिहिण्यात तक्रारीचा भाग बराच असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. मात्र परसात दहा-बारा टर्की पाळू पाहणाऱ्या नवख्याला अशा ठिकाणी काय मिळते आणि काय मिळत नाही, हे सांगण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

केंद्रात एक दिवसाची पिल्ले 200 रुपयांना आणि महिन्याची 350 रुपयांना होती. मी महिन्याची बारा पिल्ले घेतली आणि वरच्या दीडशे रुपयांचा मला आजही पश्चात्ताप नाही. टर्कीचे पिल्लू कोंबडीच्या पिल्लाइतके चलाख नसते. पहिल्या काही दिवसांत समोर दाणा असूनही तो टिपायचा असतो हे त्याला उमगत नाही आणि भरल्या भांड्याशेजारी ते उपाशी मरते. केंद्रातील कामगार बाई पिल्लांना खायला-प्यायला कसे शिकवतात ते मी तेथे उभा राहून पाहिले. पाण्याच्या उथळ भांड्यात त्यांनी रंगीत काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे चकाकी पाहून पिल्लू चोच मारते, त्यातून पाणी प्यायला शिकते आणि भांड्यात बुडतही नाही. जे पिल्लू तरीही कोपऱ्यात डोळे मिटून बसे, त्याला मुठीत धरून त्या त्याची चोच आधी पाण्याला आणि मग उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्याला लावत. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब द्यावी लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यावी लागते. फेब्रुवारीतल्या गार रात्री, त्यातही आमच्याकडच्या विजेच्या भरवशावर, हे मला जमले नसते. बाराही पिल्ले घरी धडधाकट पोहोचली आणि पहिल्या दोन महिन्यांत एकही दगावले नाही, याचे श्रेय नि:संशय त्या केंद्राचे.

आता उणिवा. पिल्ले देताना "चार जोड्या नक्की धरा" असे सांगून नर-मादी निवडून देण्याचे जादा पैसे त्यांनी घेतले. महिन्याच्या पिल्लाकडे नुसते पाहून नर-मादी खात्रीने सांगता येत नाही; पुढे नराच्या चोचीवरचे मांसल बोंडूक लांबू लागते, मानेवरच्या गाठी लालभडक होतात आणि तो पिसे फुगवून मिरवू लागतो, तेव्हा कुठे निवाडा होतो. माझ्याकडे नऊ नर आणि तीन माद्या निघाल्या. नऊ नर एका अंगणात म्हणजे काय, ते शेजाऱ्यांना विचारावे. ट्रॅक्टरचा हॉर्न, लग्नाचा बँड, कुकरची शिट्टी, प्रत्येक आवाजाला नऊही जण एकदम उत्तर देतात. समोरच्या आजींनी पहिल्याच दिवशी कुंपणाशी येऊन "हाई काय पाखरू शे भाऊ, मोर शे का गिधाड शे?" असे विचारले होते, नंतर त्या फक्त "इकाले कधी काढस?" (विकायला कधी काढतोस?) एवढेच विचारू लागल्या.

खाद्याबाबत केंद्राचे वागणे मला त्याहून खटकले. त्यांच्याकडच्या गोणीवर प्रथिनांचे प्रमाणच छापलेले नव्हते. टर्कीच्या पिल्लाला पहिल्या महिन्यात सुमारे 28 टक्के आणि दुसऱ्या महिन्यात 26 टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य यात कमी पडते. शिवाय "खर्च वाचवायचा असेल तर घरची ढेप भिजवून घाला" असा सल्ला मिळाला. खान्देशात ढेप म्हटली की सरकीची किंवा शेंगदाण्याची. सरकीतला गॉसिपॉल हा घटक म्हैस पचवते, पक्ष्यांना तो बाधतो. शेंगदाण्याच्या ढेपेला दमटपणात बुरशी धरली की तिच्यातील अफ्लाटॉक्सिन या विषाला टर्कीइतका हळवा पक्षी क्वचितच असेल. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे सुमारे एक लाख टर्की मेल्या आणि त्या मरतुकीच्या शोधातूनच हे विष जगाला कळले. मी ढेप बाजूला ठेवली आणि भरडलेला मका, सोयाबीनची पेंड, खनिज मिश्रण आणि वरून चिरलेला लसूणघास व शेवग्याचा पाला यांवर पक्षी वाढवले. मोठ्या झालेल्या टर्की हिरवा पाला शेळीसारख्या खातात, हा या पक्ष्याचा खरा फायदा आहे.

उन्हाळ्याबद्दल केंद्राने "सावली ठेवा" एवढेच सांगितले. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो तेथे हे पुरत नाही. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो आणि डोक्या-मानेच्या उघड्या कातडीतून उष्णता बाहेर टाकतो. आमच्या शेडची लांबी पूर्व-पश्चिम आहे, छतावर कपाशीच्या पऱ्हाट्या अंथरल्या आणि पश्चिमेकडून ओले गोणपाट टांगले. आपल्याकडची झळ कोरडी असल्यामुळे ओल्या गोणपाटातून येणारा वारा खरोखर गार लागतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत हीच युक्ती निरुपयोगी ठरते. दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावरच दिला, कारण पचनाची उष्णता भर दुपारी अंगावर घेणे पक्ष्याला झेपत नाही. पाणी मातीच्या परळांत, दिवसातून चार वेळा बदलून. भर मे महिन्यातही एकही पक्षी उष्माघाताने गेला नाही.

घात झाला तो जुलैत, आणि तो सरळसरळ केंद्राच्या सल्ल्यामुळे. "आपल्या देशी कोंबड्यांतच सोडून द्या, त्यांच्याकडून चरायला शिकतात" असे मला सांगण्यात आले होते आणि मी ते ऐकले. पाऊस पडून गांडुळे वर आली, त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात दोन नर पंख गाळून उभे राहिले आणि त्यांची विष्ठा गंधकासारखी पिवळी झाली. पाच दिवसांत तीन पक्षी मेले. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी एक पक्षी फाडून दाखवला. यकृतावर रुपयाएवढे गोल, मध्ये खोलगट डाग होते. हा ब्लॅकहेड नावाचा रोग. याचा एकपेशीय जंतू कोंबडीच्या आतड्यातील जंताच्या अंड्यांतून पसरतो, ती अंडी गांडुळे खातात आणि गांडुळे टर्की खातात. कोंबडीला बहुधा काहीच होत नाही, टर्की मात्र मरते. टर्की विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याने विकू नये. ठाऊक असून सांगितले नसेल, तर त्याबद्दल मी येथे लिहीत नाही तेच बरे. पक्षी मेल्याचे फोनवर सांगितले तेव्हा मालकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण त्यांच्या आवारात आजही टर्की आणि कोंबड्या एकाच जाळीत आहेत.

त्याच आवारात येणारे-जाणारे ग्राहक शेतातल्या चपलांनिशी थेट शेडमध्ये शिरतात, हेही नोंदवायला हवे. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात निघाला आणि 2021 मध्ये तो तेथे पुन्हा आला. निदान खान्देशात तरी पायांसाठी जंतुनाशकाचे घमेले दारात असायला कोणी सांगावे लागू नये.

लसीकरणाचे वेळापत्रक मात्र त्यांनी छापील दिले आणि ते बरोबर होते. अडचण अशी की राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरच्या लसीची कुपी शेकडो मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. नऊ-दहा पक्ष्यांसाठी ती फोडणे जिवावर येते. आम्ही गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या एकाच सकाळी गोळा करून हा प्रश्न सोडवला. वाढलेले पक्षी परत विकत घेण्याचे त्यांचे तोंडी आश्वासन डिसेंबरपर्यंत हवेतच राहिले. सात-आठ किलोचे नर मी नाताळच्या आधी ओळखीने विकले.

तीन माद्या आणि एक नर ठेवला आहे. यंदा आणखी सहा पिल्ले त्याच केंद्राकडे सांगून ठेवली आहेत, महिन्याचीच, आणि जोडीचे जादा पैसे न देता. जंतांची ती अंडी मातीत कित्येक वर्षे तग धरतात, म्हणून नवी शेड विहिरीपलीकडच्या तुकड्यात घातली आहे, जेथे आजवर एकाही कोंबडीचे पाऊल पडलेले नाही.