घुमाऱ्यासकट की घुमाऱ्याविना: मुंबईत पाइप ऑर्गनचं सॅम्पलिंग करताना

पाइप ऑर्गनचा एकेक सूर रेकॉर्ड करून हॉप्टवर्क किंवा ग्रँडऑर्ग या संगणकावर ऑर्गन वाजवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं ठरलं, की पहिला पेच माइक कुठे लावायचे हाच. बाकांच्या मधोमध लावले तर चर्चचा घुमारा सुरासोबतच येतो. नळ्यांच्या तोंडाशी लावले तर नुसता सूर येतो, घुमारा नंतर संगणकावर द्यावा लागतो. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या चर्चमध्ये मी दोन्ही करून पाहिलं.

लांबून घेतलेल्या सुराची गोडी वेगळीच, हे आधी सांगतो. नाट्यसंगीताच्या ऑर्गनमध्ये रीड असतात, पट्टी सोडली की सूर संपतो. पाइप ऑर्गनचा सूर मात्र बोट उचलल्यावरही इमारतीत रेंगाळतो आणि ती आस हा त्याचा अर्धा जीव. १६ फुटी बोर्डन या खर्जातल्या नळ्यांच्या संचाचा सगळ्यात खालचा सूर, सेकंदाला जेमतेम ३३ कंपनांचा, जवळून ऐकला तर वाऱ्याची फुंकरच जास्त जाणवते. तोच बाकावर बसून ऐकला की अंगभर पसरतो. शिवाय प्रत्येक नळी वेगळ्या जागी उभी, त्यामुळे प्रत्येकीचा आवाज भिंतींवरून वेगळा परततो. लांबच्या माइकमध्ये हे आपसूक येतं.

अडचण शांततेची. पट्टी सोडल्यावर तीन-चार सेकंद काहीही वाजता कामा नये. आमच्या ऑर्गनचे बारा स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजाच्या नळ्यांचे संच, प्रत्येकी ५६ पट्ट्या, म्हणजे ६७२ सूर. तेही दोनदा, कारण पट्टी नुसती टोचून सोडली तर इमारत आवाजाने भरलेलीच नसते; तिथे लांब सुराची आस जोडली तर कानाला खोटी लागते. पंखे बंद, सदरा भिजलेला, रात्री दीड ते चार एवढीच वेळ हातात. त्यानंतर दुधाचे टेम्पो सुरू होतात, मग कावळे.

घरी येऊन वाजवायला बसलो. मधल्या सप्तकातल्या काळी तीनवरून बोट उचललं की दर वेळी लांबवर तोच स्कूटरचा हॉर्न. नळ्यांना हवा देणाऱ्या पंख्याची घरघर एकसारखी असते, ती बऱ्यापैकी काढता येते. हॉर्न मात्र सुरांच्याच पट्ट्यात बसलेला. तो पुसला की आसेला भोक पडतं. पुन्हा एका रात्री जाऊन तेवढे सूर नव्याने घेतले, तर हवा दोन-तीन अंशांनी गार झालेली. एका अंशाला नळीचा सूर साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) सरकतो. नवे सूर शेजाऱ्यांत बेसुरे उभे राहिले. सॉफ्टवेअरमध्ये ते जुळवता येतात, पण आज या पट्टीचा हॉर्न, उद्या त्या पट्टीचा कुत्रा, याला अंतच राहिना. तिथे माझं मन फिरलं.

जवळचे माइक निर्दोष आहेत असं मी म्हणणार नाही. पट्ट्यांची खटखट येते, गळक्या हवेचा फुसकारा येतो. माइक हलवत गेलं की एक नळी मोठी, दुसरी बारीक होते, आणि तो तोल कानानेच परत बसवावा लागतो. माझ्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या. पण नळीचा आवाज इतक्या जवळून येतो, की रस्ता त्यामागे दबून जातो, आणि आस छोटी असल्यामुळे हॉर्न सापडलाच तर तो सूर लगेच पुन्हा घेता येतो. घुमाऱ्यासाठी फादरांची परवानगी घेऊन ऑर्गनपाशी फुगे फोडले, बाकांत माइक लावून. सातवा फुगा निर्मळ मिळाला, त्याचाच घुमारा सगळ्या सुरांना दिला. निखळ शांतता लागली ती एवढीच, चार सेकंदांची. सगळ्या नळ्या एकाच जागेवरून बोलल्यासारख्या वाटतात, ही उणीव राहतेच. ऑर्गनच्या डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे फुगे फोडले तर ती थोडी कमी होते.

तुमचं चर्च मोठ्या आवारात, रस्त्यापासून आत असेल तर कदाचित लांबचेच माइक बरे. रस्त्याला लागून असेल तर मी जवळचेच लावेन. ठरवण्याआधी एक रात्र पंखे बंद करून, मधोमध माइक लावून नुसतं बसा. चार-चार सेकंदांचे दहा तुकडे घ्या आणि निर्मळ किती निघतात ते मोजा. माझे चार निघाले होते.