बीपी घरी मोजायचा की दवाखान्यात?

आमच्या आईचा बीपी तासगावच्या दवाखान्यात कायम १५०च्या वर आणि घरी मोजला की १३०च्या आसपास, मग खरं कुठलं? दोन्ही खरंच असतं, डॉक्टर समोर आले की काहींचा बीपी वाढतोच, म्हणून तर दवाखान्यात १४०/९० ही हद्द धरतात आणि घरी १३५/८५.

दवाखान्याचं बरं म्हणजे सरकारी उपकेंद्रात फुकट मोजून मिळतं, गोळ्या पण तिथंच, पण एसटीतनं उतरून धापा टाकत गेलं आणि लगेच पट्टा बांधला तर काय खरा आकडा येणार ओ?

घरच्या मशीनला एकदाच खर्च, पण शिस्त पाहिजे. पाच मिनिटं गप बसायचं, पाठ टेकलेली, हात छातीच्या लेव्हलला, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून दोनदा, असं सात दिवस लिहून पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. मनगटावरचं नको, दंडावरचंच घ्या. मी तरी घरच्या वहीवरच जास्त भरवसा ठेवतो, पण ती डॉक्टरला दाखवल्याशिवाय गोळी स्वतःच्या मनानं कमी करायची नाही. (आणि सांगलीचं भडंग रोज नको, मीठ असतंय त्यात.)