डेट्रॉइट की बाल्टिमोर?

भाची अमेरिकेत नगररचना शिकते. ओसाड पडत चाललेल्या वस्त्यांवर प्रबंध लिहायचाय, पण यांपैकी कोणतं शहर घ्यावं यात ती अडकली आहे.

माणसं दोन्हीकडून गेली. 1950 साली डेट्रॉइटमध्ये साडेअठरा लाख लोक होते, 2020 मध्ये 6.4 लाख उरले. बाल्टिमोर साडेनऊ लाखांवरून 5.85 लाखांवर आलं.

पडझडीची तऱ्हा मात्र वेगळी. डेट्रॉइटची घरं सुटी, बरीचशी लाकडी. पाडली की गवताचं रान उरतं. बाल्टिमोरमध्ये विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा, भिंतीला भिंत लागून. एका रिकाम्या घराचं छप्पर कोसळलं की पाणी शेजारच्या नांदत्या घरात मुरतं. हप्ते फेडून घर राखणाऱ्याचा यात काय दोष? मला हे फार अस्वस्थ करतं.

डेट्रॉइट मोटार कारखान्यांवर उभं होतं. 2013 मध्ये शहरानेच दिवाळखोरीचा अर्ज केला. बाल्टिमोरने 1910 मध्येच काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवणारा कायदा केला. 1917 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरवले, रेषा तरी पुसली नाही.

तिजोरी रिकामी झाल्यावर शहर कसं चालतं हे अभ्यासायचं तर डेट्रॉइट, पण गाडी हवीच. वंशभेद उंबऱ्यापर्यंत कसा पोचतो ते पायी फिरून पाहायचं तर बाल्टिमोर.